अपघातात जायबंदी झालेल्यांची भरपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय २०११ साली एका ट्रकखाली सापडला आणि गुडघ्याच्या वर कापावा लागला. तो वेल्डर होता. दाव्याचा निकाल लागायला सहा वर्षे गेली. त्यातली जवळजवळ दोन वर्षे एका डॉक्टरांची साक्ष होत नव्हती म्हणून गेली. त्या काळात कोर्टाच्या व्हरांड्यात जे शिकलो, ते पुढे विधी सेवेचा स्वयंसेवक म्हणून इतरांना सांगू लागलो. लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. बरेचसे रस्ते अपघातांबद्दल आहेत. कामावरचे, रेल्वेचे आणि शेतकऱ्यांचे पुढे येतात. मी वकील नाही, त्यामुळे तुमचे कागद बघून शेवटचा सल्ला तुमच्या वकिलांनीच द्यायचा.

अपघाताला चार दिवस झाले, माणूस अजून आयसीयूत आहे. आत्ता काय करायचे?

आधी उपचार. केंद्र सरकारच्या ५ मे २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. रुग्णालयाने स्वतःहून सांगितले नाही तर काउंटरवर जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट केसपेपरची. जखमीला ज्याने रुग्णालयात आणले, त्याला ड्यूटीवरचे डॉक्टर विचारतात, "कसे झाले?" घाबरलेला शेजारी किंवा वाटसरू म्हणतो, "गाडीवरून पडला." एवढी ओळ केसपेपरवर चढते आणि तीन वर्षांनी विमा कंपनीचे वकील तीच ओळ कोर्टात मोठ्याने वाचतात : धडक बसलीच नाही, हा आपोआप पडला. म्हणून पहिल्या दोन दिवसांत केसपेपर बघा. मजकूर चुकीचा असेल तर डॉक्टरांना भेटून खरी हकिकत नोंदवून घ्या आणि पोलिसांच्या जबाबातही तीच येईल असे पाहा. जखमी बोलण्याच्या स्थितीत नसेल तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याने फिर्याद द्यावी. फिर्यादीत गाडीचा नंबर, ती कुठल्या दिशेने आली आणि वेळ या तीन गोष्टी हव्यातच.

तिसरे म्हणजे एक पिशवी ठेवा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिले, रिक्षाच्या आणि अॅम्ब्युलन्सच्या पावत्या, सगळे तिच्यात. सोबत एक वही. जवळ राहण्यासाठी कोणाचा किती दिवस रोज बुडाला, ते तारखेसह लिहा.

पोलिसांचे कागद आम्हाला मिळतात का? ठाण्यात "नंतर या" म्हणतात.

मिळतात, तो तुमचा हक्क आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालात हे सर्व राज्यांना बजावले आहे. हा अहवाल न्यायाधिकरणाला दावा म्हणूनच धरता येतो.

पण कागदावर आहे म्हणून आपोआप होईल, असे समजू नका. फिर्याद, स्थळ पंचनामा, एए फॉर्म (पोलिसांचा अपघाताच्या माहितीचा कागद), जखमेचे प्रमाणपत्र, आणि समोरच्या गाडीचे आरसी बुक, विमा, परमिट व चालकाचे लायसन यांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच असलेल्या अर्जाला सहसा "नंतर या" असे उत्तर मिळत नाही.

दावा किती दिवसांत दाखल करायचा?

अपघातापासून ६ महिन्यांत, असे समजून चाला. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. हाड जुळायलाच ज्याला वर्ष लागते, त्याला ६ महिने पुरत नाहीत, आणि मला ही मुदत अन्यायाची वाटते. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, तो निर्णय होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही दिला. तरी त्या भरवशावर थांबू नका. आणि मुदत गेली म्हणून घरीही बसू नका, वकिलांना भेटा.

आम्ही सोलापूरचे, अपघात विजापूरजवळ झाला. दर तारखेला कर्नाटकात जायचे का?

नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथे, अपघात झाला तिथे, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्यावर दावा आहे तो, राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात लावा.

सिव्हिल हॉस्पिटलने ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र दिले. म्हणजे भरपाईही ४० टक्केच का?

सगळ्यात जास्त पैसा याच गैरसमजात बुडतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

प्रमाणपत्रावरचा आकडा शरीराचा आहे. त्यावर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) मिळते, एसटीची सवलत मिळते. भरपाईसाठी न्यायालय वेगळा प्रश्न विचारते : या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे उदाहरणासह सांगितले. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरले जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ १०० टक्के बुडाली. सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी शाबूत राहील आणि कमाईचे नुकसान त्याहून बरेच कमी असेल. म्हणून न्यायाधीशाने आधी बघायचे की अपंगत्व कायमचे आहे का. मग हा माणूस अपघातापूर्वी नेमके काय काम करायचा. आणि मग ते, किंवा पोट भरण्यापुरते दुसरे काही, आता त्याला जमेल का.

हे दोन्ही बाजूंनी चालते. प्रमाणपत्रावर पुष्कळदा एका अवयवाचे टक्के असतात. एका पायाचे ६० टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे ६० टक्के नव्हेत, आणि समोरचे वकील ते बरोबर पकडतात. आकडा पायाचा की शरीराचा, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका विशीतल्या टायपिस्टचे प्रकरण आले. त्याचा उजवा हात गेला होता. प्रमाणपत्र ८९ टक्क्यांचे होते, उच्च न्यायालयाने नुकसान ४५ टक्केच धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ६५ टक्के केले आणि जखमीच्या दाव्यातही भविष्यातली कमाईवाढ धरायची, हे पक्के केले. एकाच हाताचे तीन आकडे झाले. फरक पडला तो त्याच्या कामाकडे कसे पाहिले याने.

माझ्या भावाच्या उलटतपासात विचारले गेले, "तुम्हाला बसून काम करता येते ना?" त्याने खरे तेच सांगितले, "येते." आम्ही सगळे खाली बघत होतो. मग वर्कशॉपच्या मालकांची साक्ष झाली. त्यांनी सांगितले की वेल्डिंग खुर्चीत बसून होत नाही. उकिडवे बसावे लागते, शिडीवर चढावे लागते, सिलिंडर हलवावा लागतो, आणि एका पायावर तोल गेला तर हातात पेटलेली ज्योत असते. निकालपत्रात प्रमाणपत्रापेक्षा जास्त ओळी त्या साक्षीवर होत्या. तुमचे काम ज्याने रोज पाहिले आहे, मग तो मालक असो, मुकादम असो की बरोबरीचा कामगार, त्याला साक्षीला आणा.

मग रक्कम काढतात कशी?

वर्षाची कमाई घ्यायची. त्यात भविष्यातली वाढ धरायची. वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. मग कमाईचे जितके टक्के नुकसान, तितका भाग. गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला आहे : १५ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, आणि पुढे उतरत जाऊन ६५ च्या वर ५. वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले आहेत. कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत ५० टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० टक्के, आणि वय वाढेल तसे कमी.

समजा २८ वर्षांचा गवंडी, महिना १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,०००. ४० टक्के वाढ धरून २,५२,०००. गुणिले १७, म्हणजे ४२,८४,०००. नुकसान ४० टक्के धरले तर १७,१३,६०० रुपये. तेच ८० टक्के सिद्ध झाले तर ३४,२७,२००. एका मालकाच्या साक्षीची किंमत किती असू शकते, ते यावरून समजते.

याशिवाय झालेला आणि पुढचा औषधखर्च, वेदना, आयुष्यातले हुकलेले सुख, लग्नाच्या शक्यतेवर झालेला परिणाम, मदतनीसाचा खर्च, प्रवास आणि आहार वेगळे मागायचे असतात. कृत्रिम पाय मागताना एकाच पायाचे बिल लावू नका. तो काही वर्षांनी बदलावा लागतो, मध्ये दुरुस्ती लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बदलीचे पाय आणि देखभाल या दोन्हींचे पैसे दिले आहेत.

मदतनीस घरचाच आहे म्हणून हा खर्च सोडू नका. फेब्रुवारी २०२० च्या एका निकालात १२ वर्षांच्या, पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने मदतनीसाचा खर्चही १८ च्या गुणकाने काढला. तो एकटाच २१,६०,००० रुपये झाला. आई रात्री उठून कूस बदलते, तिच्या त्या कष्टाला न्यायालय किंमत देते. मागावी मात्र आपण लागते.

कमाईचा काहीच पुरावा नाही. रोजंदारीवर आहे. किंवा गृहिणी आहे, शाळकरी मूल आहे.

पगारपत्रक नाही म्हणून दावा संपत नाही. न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेते, पण तो खालचा आधार आहे, वरची मर्यादा नव्हे. मुकादमाची हजेरी वही, बँक पासबुकातल्या नोंदी, दुकानाची उधारी वही, ज्यांच्याकडे काम केले त्यांची साक्ष, सगळे चालते. घरकामाला पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे फॉर्मवर "उत्पन्न : काही नाही" असे लिहू नका. वर सांगितलेल्या मुलीच्या प्रकरणात कुशल कामगाराचे किमान वेतन धरले गेले. मुलाच्या वतीने आई किंवा वडील अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून दावा लावतात.

डॉक्टर साक्षीला येत नाहीत.

नुसते प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही. समोरच्याने ते मान्य केले नाही तर डॉक्टरांना पिंजऱ्यात यावे लागते. आमच्या डॉक्टरांची मधल्या काळात बदली झाली आणि समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिले. कोणीही मुद्दाम काही केले नव्हते, तरी दोन वर्षे गेली. त्या काळात घर वहिनीच्या शिवणकामावर चालले.

आज मी सगळ्यांना सांगतो : प्रमाणपत्र घेतानाच डॉक्टरांचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पद लिहून घ्या, बदली झाली का ते दर सहा महिन्यांनी विचारा. व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घ्यावी, किंवा कोर्ट कमिशनर नेमून रुग्णालयातच घ्यावी, असा अर्ज वकिलांना लवकर द्यायला सांगा. डॉक्टरांना तासन्‌तास ताटकळत ठेवू नये, त्यांची साक्ष ठरलेल्या वेळी घ्यावी, हे राजकुमार निकालातच सांगितलेले आहे. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांचीच साक्ष सगळ्यात वजनदार ठरते. पैसे घेऊन टक्के वाढवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. एका उलटतपासात ते उघडे पडते आणि मग तुमचे खरे दुखणेही कोणी मानत नाही.

हेल्मेट नव्हते. गाडीवर तिघे होतो. लायसनही नव्हते.

दंड वेगळा, भरपाई वेगळी. लायसन नव्हते किंवा तिघे होते एवढ्यावरून अपघातात तुमचा वाटा ठरत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे समोरच्याने दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तिघे बसलेल्या मोटारसायकलच्या प्रकरणात हेच म्हटले आहे. डोक्याला मार असेल तर हेल्मेटचा मुद्दा मात्र निघतोच. तो पायाला झालेल्या इजेत निघाला तर वकिलांनी तिथेच अडवायला हवा.

आणखी एक. ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटला म्हणून दावा जात नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे कशाची शक्यता अधिक एवढेच पाहतात.

विमा कंपनी म्हणते, आमची जबाबदारी नाही.

कारण काय देते, त्यावर सगळे अवलंबून आहे. चालकाचे लायसन योग्य नव्हते असे म्हणत असेल तर पुष्कळदा न्यायाधिकरण "आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश देते. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केल्यावर त्यातले बरेच वाद मिटायला हवेत.

मालवाहू टेम्पोत किंवा ट्रॉलीत बसलेल्यांची गोष्ट अवघड आहे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेली माणसे, उसाच्या फडावर निघालेल्या टोळ्या, आपल्याकडे माणसे अशीच प्रवास करतात. पण मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा कायदा आहे. अशा वेळी मालक सामनेवाला असतोच, आणि "आधी द्या, मग वसूल करा" ही मागणी करता येते. मजूर मालाबरोबर मालकाच्या कामावर होता, असे असेल तर गोष्ट बदलते. पहिल्या जबाबातच "कामावर होतो" हे खरे असल्यास नोंदवले जायला हवे.

स्वतःच्या चुकीने स्वतःची गाडी आपटली तर तिसऱ्या पक्षाचा विमा तुम्हाला काही देत नाही. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो पॉलिसीत आहे का बघा. मागे बसलेल्याला साध्या थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण नसते, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसीत असते.

कंपनीचा माणूस अडीच लाख घेऊन घरी आला आहे. घ्यावेत का?

सही करण्याआधी थांबा. चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे. पण कंपनीने देऊ केलेली ही रक्कम त्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. हाताचे एखादे हाड मोडून जुळले असेल तर अडीच लाख कदाचित बरे. अवयव गेला असेल, तर वरच्या गवंड्याचा हिशेब एकदा पुन्हा वाचा.

गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही.

गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. रक्कम तुटपुंजी आहे, तरी सोडू नका. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचे आणि टोलनाक्याचे सीसीटीव्ही चित्रण लवकर पुसले जाते, म्हणून पोलिसांना ते मागवायला पहिल्याच आठवड्यात लेखी सांगा.

मेडिक्लेमने बिल भरले. ते भरपाईतून कापतात का?

कापायचे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हा वाद मिटवला. तुम्ही हप्ते भरलेत, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का?

एमआयडीसीत प्रेस मशीनवर बोटे गेली. मालक म्हणतो, तुझीच चूक.

कामावरच्या अपघातात मालकाची चूक दाखवावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे पुरते. दारू प्यायला होता, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढले, अशा मोजक्या बचावांचा मालकाला उपयोग होतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर त्यांचाही नाही. प्रेसचे गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेले कवच, पुष्कळदा उत्पादन वाढावे म्हणून सुपरवायझरच काढायला लावतो. हे सोबतच्या कामगारांना माहीत असते, त्यांचा जबाब लवकर घ्या. उद्या ते दुसऱ्या कंपनीत गेलेले असतील.

१९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. हिशेबाची रीत तीच : पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार कायद्यात ठरलेला घटक. जुन्या कायद्याखाली २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. तिशीच्या माणसाचा घटक २०७.९८ आहे, म्हणजे १८,७१,८२० रुपये. अंगठा गेला तर कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या तक्त्यात, ३० टक्के नुकसान ठरवलेले आहे. त्याचे ५,६१,५४६ होतात. इथेही टक्क्यांवर थांबू नका. डावा हात कोपराच्या वर गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये १०० टक्के अपंग धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दावा दोन वर्षांच्या आत करा. "दोन लाख घे आणि सही कर" असा खासगी कागद करून हक्क सोडून देता येत नाही, तो करार रद्द ठरतो. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड असेल तर मात्र मार्ग वेगळा : ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडून टक्के ठरतात आणि दरमहा पेन्शनसारखी रक्कम मिळते. तेव्हा मालकाविरुद्ध हा दावा लावता येत नाही.

ठेकेदाराचा माणूस होतो. कंपनी म्हणते, आमच्या हजेरीवर तुझे नाव नाही.

काम कंपनीच्या धंद्याचा भाग असेल तर मूळ कंपनीही जबाबदार असते, तिने मग ठेकेदाराकडून वसूल करावे. गेटपास, युनिफॉर्म, व्हॉट्सअॅपवरच्या शिफ्टचे मेसेज, हे सगळे जपा.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला. तो कामावरचा धरतात का?

घर ते कामाची जागा या प्रवासाचा कामाशी संबंध दिसला तर धरतात. हा निकाल आपल्याच मराठवाड्यातल्या एका कुटुंबामुळे मिळाला. धाराशिव भागातला साखर कारखान्याचा रखवालदार, पहाटे ३ ची पाळी, एप्रिल २००३. कारखाना ५ किलोमीटरवर असताना मोटारसायकलचा अपघात होऊन तो गेला. कर्मचारी भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी परत दिले. २२ वर्षे. जिंकलेल्या दाव्याबद्दलही राग यावा असा हा काळ आहे. त्या घरात लहान असलेली मुले निकाल लागेपर्यंत कर्ती झाली असतील.

लोकलच्या गर्दीतून पडलो. तिकीट हरवले.

रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षात अर्ज करा. मुंबईत आणि नागपुरात खंडपीठ आहे. गाडीतून पडणे ही "अनपेक्षित घटना" आहे आणि रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. चढता-उतरता पडणे म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, आणि तिकीट सापडले नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. प्रवासाबद्दल शपथपत्र द्या. पास असेल तर प्रश्नच मिटला. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला आणि दोन्ही हात किंवा दोन्ही पाय जाण्यासारख्या इजेला ८ लाख, बाकी इजांना अनुसूचीप्रमाणे. रूळ ओलांडताना झालेला अपघात यात बसत नाही.

शेतात मळणी यंत्रात हात गेला. दावा कोणावर लावणार?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख, दोन गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. वय १० ते ७५. जमिनीचा खातेदार आणि कुटुंबातील एक सदस्य. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला असाल तर शेतमालकाविरुद्ध भरपाईचा विचार वेगळा करावा लागतो, वकिलांना विचारा.

वकील म्हणतात, मिळेल त्यातले ३० टक्के माझे.

वकिलांनी निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. रुग्णालयाच्या दारात भेटणाऱ्या एजंटाला तर कोऱ्या कागदावर सही देऊच नका. दिव्यांग व्यक्तीला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयात कार्यालय असते, १५१०० वर फोनही करता येतो.

लोक अदालतीत तडजोड करावी का, हेही लोक विचारतात. रक्कम पटण्यासारखी असेल तर जरूर करा, पैसे लवकर मिळतात. पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून आदल्या रात्री घरी बसून वरचा हिशेब स्वतः करा, आणि आपला खालचा आकडा ठरवूनच जा.

मला पलंगावरून उठता येत नाही. कोर्टात कसा येऊ?

प्रत्येक तारखेला येण्याची गरज नसते. साक्षीसाठी कमिशनर घरी पाठवावा किंवा व्हिडिओवर घ्यावी, असा अर्ज द्या. न्यायालयात पोचणे शक्य व्हावे ही जबाबदारी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सरकारवर टाकली आहे. मेंदूला मार लागून माणसाला भान नसेल तर जवळचा नातेवाईक वादमित्र म्हणून दावा चालवू शकतो. कोर्ट पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल, तर न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवा. मी स्वतः दोन वेळा न्यायाधीशांना खाली पार्किंगपर्यंत येऊन जखमीला बघताना पाहिले आहे.

निकाल लागला, पण पैसे येत नाहीत.

कंपनी ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू शकते. १ लाखाच्या आतल्या रकमेवर अपील नाही. स्थगिती नसेल तर दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलासारखी वसुली होते. दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज मागायला विसरू नका.

पैसे कोर्टात जमा होऊनही लोकांपर्यंत न पोचण्याचे प्रकार इतके झाले की सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेऊन दावेदाराचे बँक खाते, पत्ता, आधार आणि पॅन सुरुवातीलाच नोंदवायला सांगितले. फोन नंबर बदलला, गाव सोडले, तर कोर्टात कळवा. रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवायला न्यायालय सांगते. त्याचा राग येतो, मला आला होता. शस्त्रक्रिया किंवा मुलांची फी अशी खरी गरज असेल तर ठेव मोडायची परवानगी अर्ज करून मिळते.

दावा चालू असताना जखमी माणूसच गेला.

वारस दावा पुढे चालवू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मृत्यू त्या इजेमुळे झाला की दुसऱ्या कशाने, याने फरक पडत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे घेऊन पुढच्या तारखेच्या आत वकिलांकडे जा. त्या इजेमुळेच मृत्यू झाला असेल तर वैद्यकीय कागदही न्या, कारण मग दाव्याचे स्वरूप आणि रक्कम दोन्ही बदलतात.